‘टॉप कंडिशन, पेपर क्लिअर’ : १९६९ ची मस्टँग यवतमाळला आणता येते का?

‘घेऊ का बे?’

रात्री साडेअकराला एवढाच मेसेज आला. खाली स्क्रीनशॉट होता. लाल रंगाची, लांब नाकाची, दोन दारांची फोर्ड मस्टँग. जाहिरातीत लिहिलं होतं : ‘१९६९ माक वन, ७ लिटर व्ही-८, ऑल ओरिजिनल, टॉप कंडिशन, पेपर क्लिअर, फक्त खरे ग्राहक’. मेसेज पाठवणारा माझा इंजिनिअरिंगच्या होस्टेलमधला मित्र. आता यवतमाळला दारव्हा रोडवर वडिलांचं कृषी केंद्र सांभाळतो. थर्ड इयरला त्याच्या भिंतीवर याच गाडीचं पोस्टर होतं, त्यामुळे हा प्रश्न गंमतीत विचारलेला नाही हे मला लगेच कळलं. एका प्लॉटच्या व्यवहाराचे पैसे नुकतेच हातात आले होते, हेही माहीत होतं.

मी त्याला फोटोऐवजी दोन गोष्टी मागवायला सांगितल्या. एक, पुढच्या काचेतून डॅशबोर्डवर दिसणाऱ्या नंबरच्या पट्टीचा जवळून काढलेला फोटो. दोन, गाडी भारतात कशी आली त्याचा कागद. पहिली गोष्ट दुसऱ्या दिवशी आली. दुसरी अजून यायची आहे.

त्या एका पट्टीने काय सांगितलं ते पुढे येईलच. आधी ही ‘मसल कार’ म्हणजे काय आणि ती आपल्याकडे जवळजवळ का दिसत नाही, ते पाहू.

मध्यम गाडी, दांडगं इंजिन

१९६४ मध्ये अमेरिकेतल्या पॉन्टिअ‍ॅक कंपनीने आपल्या टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि त्याला जीटीओ नाव दिलं. कल्पना एवढी साधी : मोठ्या गाडीचं इंजिन लहान गाडीत, किंमत तरुणाला परवडेल अशी. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर जीटीओ विकल्या गेल्या. मग शेव्हर्ले, डॉज, प्लिमथ सगळेच या शर्यतीत उतरले. प्लिमथने तर कार्टूनमधल्या ‘रोड रनर’ पक्ष्याचं नाव वापरण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सला ५० हजार डॉलर मोजले आणि गाडीला तसाच ‘बीप-बीप’ हॉर्न दिला.

मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली. किंमत २,३६८ डॉलरपासून. पहिल्या दिवशी २२ हजार ऑर्डर. जाणकार मस्टँगला ‘पोनी कार’ म्हणतात, मसल कार नाही. पण मोठं व्ही-८ बसवलेल्या मस्टँगला मसल कार म्हटलं तर कुणी भांडायला येत नाही.

हा खेळ जेमतेम दहा वर्षं चालला. १९७० चा हवा प्रदूषण कायदा, तरुण चालकांसाठी भडकलेले विम्याचे हप्ते आणि १९७३ च्या ऑक्टोबरमधला तेलाचा पेच, यात ही जमात संपली. म्हणूनच आज १९६४ ते १९७२ च्या गाड्यांना भाव आहे.

मग भारतात का नाहीत?

गंमत अशी की अमेरिकन गाड्या मुंबईत स्वातंत्र्याच्या आधीपासून बनत होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. फोर्डची भारतीय कंपनी १९२६ ची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायसलरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि फार्गो ही नावं रस्त्यावर आणली. विदर्भातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘डॉज’ हा शब्द आजही सापडतो. कापसाच्या पैशावर गाडी घेणारा जिनिंगवाला किंवा मालगुजार याच गाड्या घेत असे. डांबर नसलेल्या रस्त्यावर उंच, जड, सहा सिलिंडरची गाडी चालायची.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. नुसती जुळणी चालणार नाही, सुटे भाग इथेच बनवायचा कार्यक्रम असेल त्यालाच परवानगी, असं धोरण झालं. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर फियाटकडे वळली. म्हणजे जीटीओ जन्मायच्या दहा वर्षं आधीच आपलं दार बंद झालं होतं. त्यानंतर आलेल्या अमेरिकन गाड्या म्हणजे मुख्यतः दूतावासांनी वापरून सोडलेल्या, आणि त्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. हिंदी सिनेमातली इम्पाला आठवते ना, ती त्या काळातली. मस्टँग भारताच्या शोरूममध्ये अधिकृतपणे आली ती थेट २०१६ मध्ये, ६५ लाखांना.

त्यामुळे ‘१९६९ ची मस्टँग, भारतात, पेपर क्लिअर’ ही ओळ वाचली की पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो. ती आली कोणत्या वाटेने, हा असतो.

नंबरची पट्टी काय बोलते

आज गाडीचा ओळख क्रमांक १७ अंकी-अक्षरी असतो. ही पद्धत १९८१ पासूनची. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपली रीत होती आणि फोर्डची रीत वाचायला सगळ्यात सोपी.

खरं उदाहरण घेऊ. १९६८ च्या ‘बुलिट’ सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवर हिरवी मस्टँग पळवली. त्या सिनेमासाठी दोन गाड्या घेतल्या होत्या, पाठोपाठच्या नंबरच्या : ८आर०२एस१२५५५८ आणि ८आर०२एस१२५५५९. पहिला ८ म्हणजे १९६८ चं मॉडेल. आर म्हणजे कॅलिफोर्नियातला सॅन होजेचा कारखाना. ०२ म्हणजे मागे उतरत्या छताची फास्टबॅक बॉडी. एस म्हणजे ३९० घन इंचांचं व्ही-८ इंजिन. उरलेला अनुक्रमांक.

सिनेमानंतर दोन्ही गाड्या वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. उड्या मारून मोडलेली ५५८ मेक्सिकोत भंगाराच्या आवारात सापडली. ज्यांनी ती उचलली, त्यांना ती कोणती गाडी आहे हे माहीतच नव्हतं. दुसऱ्याच एका सिनेमातल्या ‘एलनोर’ मस्टँगची नक्कल तिच्यातून बनवायचा बेत होता, म्हणजे कापाकापी होणार होती. नंबर तपासला गेला म्हणून ती वाचली. ही बातमी २०१७ ची.

५५९ ची कथा आणखी शांत. १९७४ मध्ये एका कुटुंबाने ती मासिकातली जाहिरात पाहून विकत घेतली आणि घरच्या कामाला वापरली. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने ती परत मागणारं पत्र लिहिलं. त्यांनी दिली नाही. १९८० च्या सुमारास क्लच गेला आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली, ती जवळपास चार दशकं. १० जानेवारी २०२० ला फ्लोरिडातल्या किसिमी इथे लिलावात तिच्यावर ३४ लाख डॉलरला हातोडा पडला. लिलाव कंपनीचं कमिशन धरून ३७ लाख ४० हजार, तेव्हाच्या दराने सुमारे साडेसव्वीस कोटी रुपये.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ती गाडी चकचकीत नव्हती. रंग उडालेला, पोचे तसेच, सिनेमाचा कॅमेरा बसवायला खालून वेल्डिंग केलेले ब्रॅकेटही जागच्या जागी. चालण्यापुरती दुरुस्ती झाली होती, पण रंगवायचा मोह कुणी केला नाही. नवा रंग दिला असता तर बहुधा एवढी किंमत आली नसती. अमेरिकन बाजारात अशा गाडीला ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात, तगून राहिलेली. जाहिरातीत हा शब्द दिसला की विक्रेता जास्त पैसे मागणार हे नक्की, पण शब्द खरा आहे का ते पत्र्यालाच विचारावं लागतं.

मित्राने मागवलेल्या पट्टीवर सुरुवातीची अक्षरं होती : ९एफ०२टी. ९ म्हणजे १९६९, बरोबर. एफ म्हणजे मिशिगनमधला डिअरबॉर्न, चालेल. ०२ फास्टबॅक, तेही जुळतं. पण टी?

१९६९ मध्ये टी म्हणजे २०० घन इंचांचं सहा सिलिंडर इंजिन. ३.३ लिटर, ११५ हॉर्सपॉवर. मस्टँगमधलं सगळ्यात गरीब इंजिन. ७ लिटरच्या ४२८ कोब्रा जेटचं अक्षर क्यू किंवा आर. आणि माक वन ही आवृत्ती सहा सिलिंडरमध्ये निघालीच नाही. तिचं सगळ्यात छोटं इंजिनसुद्धा ३५१ घन इंचांचं व्ही-८ होतं. म्हणजे ही गाडी माक वन म्हणून जन्मली नव्हती. बॉनेटवरचा काळा रंग, पट्टे, बिल्ले सगळं नंतर लावलेलं.

याला तिकडे ‘क्लोन’ म्हणतात, किंवा जरा सभ्यपणे ‘ट्रिब्यूट’. सांगून विकली तर गुन्हा नाही. न सांगता विकली तर ती फसवणूक, कारण साध्या सहा सिलिंडरच्या आणि खऱ्या कोब्रा जेटच्या भावात अनेक पटींचा फरक असतो. मित्राचं उत्तर आलं, ‘पण आवाज तर व्ही-८ चा होता ना व्हिडिओत.’ असेल. इंजिन बदलून टाकता येतं. भारतात नेमकं तेच आडवं येतं.

५० वर्षांचा नियम

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘विंटेज’ वाहनांची वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. अट अशी की ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही.

नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५ हजार. अर्ज फॉर्म २० वर. सोबत विमा, आधीची आरसी असेल तर ती, आणि गाडी परदेशातून आणली असेल तर कस्टमचं बिल ऑफ एन्ट्री. कागद नीट असतील तर ६० दिवसांत नोंदणी मिळायला हवी. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. म्हणजे यवतमाळची गाडी असली तरी नव्या विंटेज नोंदणीत आपलं एमएच-२९ दिसणार नाही. आधीच नोंद असलेल्या गाडीला मात्र जुना नंबर ठेवता येतो.

या नोंदणीवर रोज फिरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. धंद्यासाठी तर नाहीच, त्यामुळे ‘लग्नाला भाड्याने देऊन पैसे वसूल करू’ हा हिशेब आधीच खोडून टाका. विकता येते, मात्र विकणारा आणि घेणारा दोघांनी ९० दिवसांत आपापल्या परिवहन विभागाला कळवायचं.

बाहेरून आणायचं काय? वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असेल तर सर्वसाधारणपणे आयात करता येत नाही. विंटेजला सूट होती, पण ती फक्त १९५० पूर्वीच्या गाड्यांना. म्हणजे मसल कारचा सगळा काळ त्यात बसतच नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही अट बदलून ५० वर्षांची सरकती मर्यादा आली आणि १९६९ ची मस्टँग पहिल्यांदा कायदेशीररीत्या, परवान्याशिवाय आणता येईल अशी झाली. फक्त सीमाशुल्क आणि इतर कर मिळून गाडीच्या किमतीहून जास्त होतात. वर बोटीचं भाडं वेगळं.

आता जाहिरातीकडे परत या. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार गाडी ‘वीस वर्षांपासून’ भारतात आहे. मग ती त्या वेळच्या कोणत्या नियमाने आली, याचा कागद हवाच. मित्राने बिल ऑफ एन्ट्री मागितलं. उत्तर आलं, ‘आधी बयाणा टाका, मग पेपर दाखवतो.’ यापुढे मला काही सांगायची गरज उरली नाही.

समजा घेतलीच असती तर

थोडा इंजिनिअरिंगचा हिशेब, कारण मला राहवत नाही.

जुन्या अमेरिकन गाड्यांचे हॉर्सपॉवरचे आकडे फुगलेले असतात. १९७१ पर्यंत तिथे इंजिन उघडं, अल्टरनेटर आणि सायलेन्सर न जोडता मोजायचे. १९७२ पासून गाडीत बसवल्यासारखं मोजू लागले आणि कागदावरचे आकडे एका रात्रीत घसरले.

मोठं व्ही-८ लिटरला चारेक किलोमीटर देतं. यवतमाळहून नागपूर साधारण १५० किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर एका बाजूचे चार हजार. आणि ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. साठ वर्षांपूर्वीचे रबरी पाइप आणि कॉर्कची गॅस्केट इथेनॉलसाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, चिरतात. इथेनॉल ओल धरतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज लागतो. शिवाय ती इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलवर चालायची. आपल्याकडे ते २००० मध्ये बंद झालं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्याव्या लागतात.

आणि आपला मे महिना. ४४ अंशांत कार्बोरेटरमध्ये पोचण्याआधीच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी सिग्नलला बंद पडते. स्टिअरिंग डावीकडे, कारण त्या काळची मस्टँग कारखान्यातून तशीच निघायची. एसटीला ओव्हरटेक करताना शेजारी बसणारा माणूस भरवशाचा लागेल.

गाडी पाहायला जाल तेव्हा खिशात साधं लोहचुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून. चाकांच्या वरच्या कमानी, दाराचा खालचा भाग, डिक्कीचा तळ इथे चुंबक चिकटलं नाही तर रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. कोणताही डेंटिंगवाला हे सांगेल. मस्टँगला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार उचलते, त्यामुळे तळाला गंज म्हणजे गाडी आतून गेलेली.

दिग्रसजवळची प्लिमथ

मस्टँगचा विषय मिटला. चार दिवसांनी मित्राचा फोन आला.

‘अरे, आमच्या मामाच्या जिनिंगात आबाजींची गाडी उभी आहे. अमेरिकनच आहे म्हणते मामा. भंगारवाला किलोवर मागून राहिला.’

त्याच्या आईचे वडील. गाडी दिग्रसजवळच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये, सरकीच्या रिकाम्या पोत्यांखाली. फोटो आले. गोल बॉनेट, पुढे जहाजाचं चिन्ह. प्लिमथ, पन्नासच्या दशकातली, म्हणजे बहुधा कुर्ल्याला जुळवलेली. मसल कार नव्हे, तिचा थोरला चुलता म्हणा. स्टिअरिंग उजवीकडे, आयातीचा प्रश्नच नाही. आणि ट्रंकेत आबाजींच्या नावाचं आरसी बुक.

मी जरा जास्तच खूश झालो. मग मामांनी फोनवर सांगितलं, ‘पेट्रोलचे भाव वाढले तेव्हा आबांनी तिच्यात डिझेल इंजिन टाकलं होतं. पर्किन्सचं.’

जुन्या अमेरिकन गाड्यांवर भारतात हे सर्रास झालं. त्या काळी तो शहाणपणाचा हिशेब होता. आज नियम म्हणतो, इंजिन मूळ हवं. आरसीवर पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल, तर विंटेज नोंदणी अडते. मामांना मी विचारलं, काढलेलं इंजिन कुठे गेलं?

‘गेलं कुठे? इथंच आहे. बेलिंग प्रेसच्या मागे.’

म्हणून सध्या भंगारवाल्याला थांबवलंय. क्रम असा ठरलाय : आधी आरसी आबाजींच्या नावावरून वारसांच्या नावावर करायची. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती. मामा, मावशी आणि आई अशा तीन सह्या, आणि मावशी पुण्याला. मग मूळ इंजिन उघडून ब्लॉकला तडा आहे का ते पाहायचं. ते सहा सिलिंडरचं, बाजूच्या व्हॉल्व्हचं साधं इंजिन आहे. बनावट इतकी सरळ की जुना ट्रॅक्टर मिस्त्रीसुद्धा समजून घेईल. पिस्टन रिंग आणि गॅस्केट शोधावी लागतील; अमेरिकेत या इंजिनाचे भाग अजून मिळतात. रंगाला हात लावायचा नाही, हे मी तीनदा बजावलंय. मामांना ते पटलेलं नाही. त्यांना गाडी लग्नातल्यासारखी पांढरी हवी आहे.

सगळं एका गोष्टीवर अडलंय. पडलेल्या इंजिनाचा नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळायला हवा. या प्लिमथमध्ये तो ब्लॉकच्या डाव्या अंगाला, जनरेटरच्या वरच्या बाजूला ठोकलेला असतो. त्यावर अनेक वर्षांचं ग्रीस आणि कापसाची धूळ बसली आहे. मी सांगितलं, ग्राइंडर लावू नको, अंक घासले जातील. रॉकेल आणि पितळी ब्रश.

काल संध्याकाळी फोटो आला. पहिलं अक्षर आणि चार अंक दिसतात. पी आहे, आणि चारही अंक जुळतात. उरलेले उद्या घासणार आहे.